आमच्या मोटार क्लबचे मुखपत्र आणि संपादकाचा अधिकार

पुण्यातील आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबच्या कार्यकारिणीने मुखपत्राच्या संपादनात नुकतेच काही बदल केले. त्यांचा विचार क्लबच्या सर्व सभासदांनी आणि सभासद नसलेल्या मोटारप्रेमींनीही करावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. क्लबचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव मी येथे घेणार नाही. कार्यकारिणीतील मंडळी स्वतःचा वेळ आणि पुष्कळदा स्वतःचे पैसे खर्चून काम करतात, हे मी जवळून पाहिले आहे. माझा आक्षेप त्यांनी उभ्या केलेल्या रचनेला आहे आणि तो मी पूर्ण विचारांती घेत आहे.

आजवर आमच्या त्रैमासिकाला एक मानद संपादक असे. कोणता मजकूर घ्यायचा, कोणता परत पाठवायचा आणि कशाला किती जागा द्यायची हे तो ठरवीत असे, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत त्याबद्दल सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. आता हे अधिकार तीन जणांच्या प्रकाशन समितीकडे गेले आहेत. तिघेही कार्यकारिणीचे पदाधिकारी आहेत, आणि त्यांपैकी एकाकडे जाहिराती मिळवण्याचे कामही आहे. अंक छपाईला जाण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पान अध्यक्षांच्या नजरेखालून गेले पाहिजे असा ठराव झाला आहे. वाचकांच्या पत्रांचे सदर जागेअभावी बंद करण्यात आले आहे. आधीच्या संपादकांचे नाव मात्र ‘सल्लागार संपादक’ म्हणून पहिल्या पानावर छापले जाणार आहे, जरी कोणताही लेख घेण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरलेला नाही. हे सर्व कार्यकारिणीच्या एकाच बैठकीत ठरले. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय कधी आलाच नाही.

कार्यकारिणीचे म्हणणे असे की मुखपत्र क्लबचे आहे, क्लबचा कारभार कार्यकारिणी पाहते, म्हणून मुखपत्राचा कारभारही तिनेच पाहावा. हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. परंतु क्लब म्हणजे सभासद, आणि कार्यकारिणी ही त्यांनी ठरावीक मुदतीसाठी नेमलेली व्यवस्था आहे. कार्यकारिणीला सभासदांशी बोलायचे असेल तर तिच्याकडे सूचनापत्रे आहेत, व्हॉट्सॲपचे गट आहेत, सभेचे व्यासपीठ आहे. सभासदांना एकमेकांशी, पदाधिकाऱ्यांच्या हातून न जाता, बोलायचे असेल तर मुखपत्राखेरीज दुसरी जागा नाही. ती जागा कोणाच्या ताब्यात असावी, एवढाच या वादाचा विषय आहे, आणि माझ्या मते ती सर्वसाधारण सभेने नेमलेल्या आणि फक्त सर्वसाधारण सभेलाच उत्तरदायी असलेल्या संपादकाच्या ताब्यात असावी.

जुन्या मोटारींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक महत्त्वाची का, हे नवी गाडी वापरणाऱ्यांच्या चटकन लक्षात येणार नाही. नव्या गाडीत काही बिघडले तर विचारायला कंपनी असते. आमच्या सभासदांच्या बहुतेक गाड्यांमागे आता कंपनीच उभी नाही. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच थांबला. हेराल्ड आणि गॅझेल बनवणाऱ्या मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीचे उत्पादन १९८८ साली थांबले. बंगालमधील उत्तरपाड्याहून शेवटची ॲम्बॅसिडर २०१४ साली बाहेर पडली. मूळ माहितीपुस्तिका दुर्मिळ आहेत, आणि सुटे भाग नाना पेठेत, जुन्या बाजारात किंवा भोसरीच्या एखाद्या लेथवर घडवून मिळवावे लागतात. कोणता भाग अस्सल, कोणता नकली, कोणता मेकॅनिक पत्राकाम नीट करतो आणि कोण नुसतीच लांबी (पुटी) भरून वर रंग मारतो, हे ज्ञान सभासदांच्या अनुभवात विखुरलेले असते. ते एकत्र येते मुखपत्राच्या पानांवर. पुण्याचे वैशिष्ट्य असे की येथे हे ज्ञान विलक्षण सखोल आहे, कारण पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली आणि १९६६ पासून या शहरात असलेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत आयुष्य घालवलेली माणसे येथे शेजारीपाजारी राहतात. अशी माणसे आमच्या अंकात विनामोबदला लिहितात. त्यांचे लेखन जपणे हे संपादकाचे काम आहे, आणि ते जपताना कोणाची तरी नाराजी ओढवणारच.

बंद केलेल्या पत्रसदराचे एक उदाहरण येथे देतो. काही वर्षांपूर्वी एका सभासदाने ब्रेकच्या मास्टर सिलिंडरसाठी घेतलेल्या रबर किटविषयी पत्र लिहिले होते. किट बसवल्यानंतर थोड्याच काळात वॉशर फुगले आणि ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले. पुढच्या अंकात तशाच अनुभवाची आणखी पत्रे आली. संपादकांनी ती छापली, आणि त्याच पानावर विक्रेत्याचे उत्तरही छापले. आपल्याला पुरवठादाराने बदललेला माल दिल्याचे त्याने मान्य केले आणि किट परत घेतली. त्या सदरामुळे सभासदांची वाहने सुरक्षित राहिली, विक्रेत्याला बाजू मांडता आली, आणि कोणावरही अन्याय झाला नाही. पत्रसदराने एक पान जाते हे खरे आहे. परंतु सहलींच्या समूहछायाचित्रांना आणि सत्कारांच्या वृत्तांतांना त्याहून कितीतरी जास्त पाने दिली जातात, म्हणून जागेअभावी हे कारण मला पटत नाही.

नव्या रचनेचा पहिला परिणाम लगेच दिसला. इंधन यंत्रणेवर अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ सभासदाने वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, म्हणजे ई-२०चा, कार्बोरेटरच्या गाड्यांवर काय परिणाम होतो यावर लेख लिहिला होता. आधीच्या संपादकांनी तो स्वीकारलेला होता, त्याची मांडणी झाली होती, मुद्रितशोधनही झाले होते. समितीने तो ‘वादग्रस्त’ म्हणून रोखून ठेवला. मी तो लेख वाचला आहे, म्हणून त्यात काय आहे ते सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण वाढले की गाडीची सरासरी, म्हणजे लिटरमागे कापले जाणारे अंतर, काहीशी घटते. ई-० साठी, म्हणजे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी, घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे. इंजेक्शनच्या आधुनिक गाडीत ऑक्सिजन सेन्सर हवा आणि इंधनाचे प्रमाण आपोआप सुधारून घेतो. कार्बोरेटरला ती सोय नाही, म्हणून मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन तापते आणि जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक छिद्रे, बदलण्याचा विचार करावा लागतो. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आमच्या गाड्या तर आठवडेच्या आठवडे उभ्या असतात; टाकीत पाणी साठले की गंज धरतो. जुन्या रबराचे होजपाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतो किंवा तडकतो. इंजिनजवळ गळणारे पेट्रोल म्हणजे आगीचा धोका, म्हणून इंधनात मिसळण्यासाठी डब्यात मिळणाऱ्या कोणत्याही द्रव्याच्या भरवशावर न राहता होजपाइप आणि डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत, असा सल्ला लेखाच्या शेवटी दिला आहे.

या लेखात सरकारवर टीका करणारे एकही वाक्य नाही. इंधनाची आयात कमी व्हावी आणि उसाला मोल मिळावे, हा धोरणाचा हेतू लेखकाने आदराने नोंदवला आहे. तरीही दोन कारणे सांगण्यात आली. पहिले असे की रॅलीसाठी पोलिसांची आणि आरटीओची परवानगी लागते, तेव्हा सरकारी धोरणाशी संबंधित विषय टाळलेला बरा. दुसरे कारण बैठकीत उघडपणे बोलले गेले नाही, परंतु समितीच्या एका सदस्याने ते मला स्वतः सांगितले: इंधनात मिसळण्याचे द्रव्य विकणारा एक व्यावसायिक वार्षिक रॅलीच्या अंकाचे मलपृष्ठ घेणार आहे. ज्या माणसाने जाहिरात मिळवायची, त्यानेच लेख निवडायचा, ही रचना कितीही सज्जन माणसाला याच वळणावर आणून सोडील. त्या सदस्याच्या सचोटीविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर हा दुहेरी भार टाकणे मला अन्यायाचे वाटते.

जाहिराती नकोत असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक १९३६ पासून बाहेरची एकही जाहिरात न घेता चालते आणि परीक्षणासाठीच्या मोटारी स्वतः विकत घेते. तेवढी ऐपत कोणत्याही छोट्या क्लबची असणार नाही. कागद आणि छपाई महाग झाली आहे, आणि वर्गणी वाढवली तर निवृत्त सभासदांना ती जड जाते. म्हणून जाहिराती घ्याव्यात, मात्र त्या घेणारा हात आणि मजकूर निवडणारा हात वेगळा असावा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ज्या शहरात सुरू केली, त्या शहरातील वाहनमालकांच्या संस्थेला हे पटवून द्यावे लागू नये.

कार्यकारिणीचा सर्वांत गंभीर मुद्दा कायदेशीर जबाबदारीचा आहे. एखाद्या लेखाने कोणाची बदनामी झाली तर खटला क्लबवर येईल, म्हणून आधी तपासणी हवी, असे तिचे म्हणणे आहे. ही भीती निराधार नाही. परंतु तिच्यावरचा उपाय उलट दिशेने जातो. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या नियंत्रणात आहे त्याला संपादक मानत होता, आणि त्याचे नाव अंकावर छापणे बंधनकारक करीत होता, जेणेकरून जबाबदारी कोणाची ते वाचकालाही कळावे आणि न्यायालयालाही. नियतकालिकांसाठीच्या त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली असली, तरी तत्त्व आजही तितकेच रास्त आहे. आमच्या नव्या रचनेत निवड समिती करणार, अंतिम मान्यता अध्यक्ष देणार, आणि नाव छापले जाणार ते तिसऱ्याच माणसाचे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली ‘केसरी’-‘मराठा’चे टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. छापलेल्या पत्रांच्या खरेपणाविषयी त्यांची फसगत झाली होती, पण छापण्याची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलली नाही. ज्याला अधिकार नाही त्याच्या नावावर जबाबदारी ठेवणे हे पुण्याच्या पत्रपरंपरेत बसत नाही. एखाद्या लेखाविषयी कायद्याची शंका आली तर संपादकाने वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा, आणि त्याचा खर्च क्लबने करावा.

आगरकरांचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद वाढल्यावर १८८७ साली त्यांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ सुरू केले. त्यामुळे पुण्याच्या वाचकाचे नुकसान झाले नाही. दोन पत्रांतून त्याला दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने वाचायला मिळाल्या. आमच्या क्लबात तसे घडणे शक्य नाही. काही शे सभासदांच्या संस्थेत दुसरे मुखपत्र निघणार नाही, आणि संपादक बाजूला झाला की त्याच्याबरोबर एक संपूर्ण बाजूच छापील पानावरून नाहीशी होते. ज्या वाचकांसमोर एकच पत्र असते, त्यांच्यासाठी त्या पत्राचा संपादक मोकळा असणे अधिक आवश्यक आहे.

परदेशी क्लबांच्या गुळगुळीत कागदावरच्या मासिकांचा दाखलाही बैठकीत दिला गेला. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका १९५५ पासून ‘पॅनोरमा’ काढतो, बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिका ‘राउंडेल’ काढतो, आणि दोन्ही देखणी आहेत. आमचाही अंक देखणा व्हावा, रंगीत व्हावा, त्याची डिजिटल आवृत्ती निघावी, या सर्वांना माझा मनापासून पाठिंबा आहे. त्यासाठी संपादकाचे पद रद्द करण्याची गरज नव्हती.

संपादकावर कोणाचाच अंकुश नको, असेही माझे म्हणणे नाही. आधीच्या संपादकांच्या काळातही काही लेखकांना झुकते माप मिळाले, दुचाकींची उपेक्षा झाली, दोन अंक फार उशिरा निघाले. या तक्रारी खऱ्या आहेत. त्या सर्वसाधारण सभेत मांडाव्यात, संपादकाला जाब विचारावा, आणि उत्तर पटले नाही तर मतदानाने त्याला बदलावे. अंक वाचून झाल्यावर संपादकाला जाब विचारता येतो. अंक निघण्यापूर्वीच लेख काढून टाकला तर काय काढले हे सभासदांना कळतच नाही, आणि जे माहीतच नाही त्याविषयी सभेत प्रश्न विचारता येत नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी नियमावलीतील दुरुस्तीचा ठराव लेखी देत आहे. संपादकाची निवड सर्वसाधारण सभेने दोन वर्षांसाठी करावी आणि त्याला मुदतीपूर्वी दूर करण्याचा अधिकारही तिलाच असावा. पानांची संख्या आणि अंदाजपत्रक कार्यकारिणीने ठरवावे, परंतु मजकूर छपाईपूर्वी मागवू नये. जाहिराती पाहणारी व्यक्ती संपादनात नसावी, पत्रांचे सदर पुन्हा सुरू करावे, आणि कार्यकारिणीला एखादा लेख चुकीचा वाटला तर तिला पुढच्या अंकात तेवढ्याच जागेत उत्तर देता यावे. ज्या सभासदांना हे पटते, त्यांनी सूचक किंवा अनुमोदक म्हणून सही करण्यासाठी माझ्याशी संपर्क साधावा. ज्यांना पटत नाही, त्यांनी खाली आपला आक्षेप सविस्तर लिहावा, मी प्रत्येकाला उत्तर देईन. ठरावाच्या अखेरीस एक स्वतंत्र कलम आहे: रोखून ठेवलेला इथेनॉलवरचा लेख लेखकाच्या नावासह, एकही ओळ न गाळता, लगेचच्या अंकात छापावा, कारण पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा रस्त्यावर येतात आणि त्याआधी होजपाइप तपासून घेणे आवश्यक आहे.