डायरेक्ट ड्राइव्ह नसेल तर ट्रेनरच नको? या सल्ल्याला उत्तर

पाऊस लागला, बर्फ पडला किंवा धुक्याने रस्ता दिसेनासा झाला की सायकलवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: घरात सायकल चालवायची तर डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट यंत्रावर बसवायचा, ॲपला जोडला जाणारा स्मार्ट ट्रेनरच घ्या. मागचं चाक रोलरला टेकवून चालवायचे व्हील-ऑन ट्रेनर टायर खातात, फ्रेम खराब करतात, सगळी इमारत दणाणून सोडतात. त्यांचे वॅट, म्हणजे पायांच्या शक्तीचे आकडे, खोटे आणि त्यांच्यावर रस्त्याचा अनुभव येत नाही. तीन नळकांड्यांचे रोलर तर जुनाट आणि धोक्याचे. वर हेही की ट्रेनरवरचा एक तास म्हणजे रस्त्यावरचे दोन. आणि शेवटी: एवढा खर्च झेपत नसेल तर ट्रेनरच्या भानगडीतच पडू नका.

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. माझ्या एका मैत्रिणीने ते प्रमाण मानून ट्रेनर घ्यायचा बेत सोडला आणि भर पावसात सायकल बाहेर काढली. रस्त्यावरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक सटकलं, मनगट मोडलं, पुढचे कित्येक आठवडे सायकल बंद. साधा ट्रेनर घरात असता तर त्या दिवशी ती बाहेर पडलीच नसती. म्हणून या सल्ल्यातला एकेक मुद्दा तपासून बघायचा आहे. त्यातलं काही खरं आहे, तेही सांगते.

आधी रस्त्याचा अनुभव. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन धरलं आणि वेग ताशी 30 किलोमीटर, तर त्या दोघांत सुमारे 2,800 जूल गतिज ऊर्जा साठलेली असते. पॅडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पायाचा जोर जवळपास नाहीसा होतो, तेव्हा ही साठवण सायकलला पुढे नेते. त्यामुळे तो रिकामा टप्पा आपल्याला जाणवतही नाही. ट्रेनरमध्ये हे काम फ्लायव्हील, म्हणजे ऊर्जा साठवणारं फिरतं चाक, करतं. चांगल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ते जड असतं, किंवा मोटर तसा भास निर्माण करते. साध्या व्हील-ऑनमध्ये ते हलकं असतं आणि पॅडल थोडं अडखळत फिरल्यासारखं वाटतं. इथवर सल्ला बरोबर आहे.

पण फ्लायव्हीलमधली ऊर्जा त्याच्या फिरण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. त्याच ट्रेनरवर पुढची मोठी चकती आणि मागचं लहान दातेरी चक्र लावलं की फ्लायव्हील जोरात फिरतं आणि पॅडल गुळगुळीत होतं. पुढे लहान चकती लावली की फ्लायव्हील मंदावतं आणि चढावर असल्यासारखं वाटतं. म्हणजे अनुभवाचा बराचसा भाग तुमच्या गिअरच्या हातात आहे. शिवाय चढावरही सायकलचा वेग कमी आणि साठवणही कमीच असते. ते अडखळणारं पॅडल पायांना काही नवीन नाही, त्यावर केलेली मेहनत वाया जात नाही.

त्याहून मोठा फरक पडतो तो रोध कसा निर्माण होतो यामुळे, आणि त्याबद्दल सल्ल्यात अवाक्षर नाही. सपाट रस्त्यावर आपण मुख्यतः हवेशी झगडतो. वेग दुप्पट करायचा तर हवा कापायला आठपट शक्ती लागते. पंख्याच्या ट्रेनरमध्ये रोध तसाच वाढतो, पण आवाज फार. मॅग्नेटिक ट्रेनरमध्ये धातूची तबकडी चुंबकांजवळून फिरते, तिच्यात विजेचे भोवरा प्रवाह तयार होतात आणि ते तिला मागे ओढतात. इथे वेग वाढवला तरी जोर तितक्या झपाट्याने चढत नाही, त्यामुळे हँडलवरच्या लिव्हरने पायऱ्या बदलाव्या लागतात. फ्लुइड ट्रेनरमध्ये सिलिकॉन तेलात पाती फिरतात आणि रोध रस्त्याच्या बराच जवळ जाणाऱ्या रेषेत वाढतो. गिअर टाकला, पाय चालवले, झालं. खराब हवेतले दिवस भरून काढण्यापुरता ट्रेनर हवा असेल तर माझं मत सरळ फ्लुइडच्या बाजूने आहे. त्याचा दोष असा की तेल तापलं की पातळ होतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत रोध बदलत राहतो, आणि जुन्या नगाचं सील गेलं तर तेल गळतं. वापरलेला घेणार असाल तर खाली कागद अंथरून अर्धा तास चालवून बघा.

आता वॅट. डायरेक्ट ड्राइव्हचे उत्पादक साधारण 1 ते 2 टक्क्यांच्या चुकीची हमी देतात, तर व्हील-ऑन स्मार्ट ट्रेनरचे 3 ते 5 टक्क्यांची. 200 वॅटवर 5 टक्के म्हणजे 10 वॅट. ही चूक कुणाला भोवते? ज्याला आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावायचा आहे त्याला. स्वतःची कालची मेहनत आणि आजची मेहनत यांची तुलना करायची तर आकडा रोज सारखाच चुकला तरी चालतो, आणि ते सातत्य बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. टायरमध्ये दर वेळी तेवढीच हवा, रोलर आवळायच्या नॉबला दर वेळी तेवढेच फेरे, दहा मिनिटं चालवून सगळं गरम झाल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप जुळवून घेणं. एवढं पाळलं तर व्हील-ऑनचा आकडा उपयोगी पडतो.

आकडाच नसेल तरी अडत नाही. फ्लुइड ट्रेनर तापल्यावर मागच्या चाकाचा एक वेग म्हणजे साधारण एकच शक्ती, त्यामुळे मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसवलेला साधा स्पीड सेन्सर पुरतो. आणि शरीराचं ऐकायलाही शिकता येतं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 6 ते 20 अशी श्रमाची मोजपट्टी मांडली, ती आजही दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत वापरली जाते. आपल्याला किती कष्ट पडताहेत हे माणसाने स्वतः सांगायचं, एवढीच ती पट्टी.

या सल्ल्यात एक शब्द कुठेच नाही, आणि माझ्या मते ट्रेनरची सगळी निवड त्या एका शब्दापुढे फिकी पडते: उष्णता.

पॅडलवर पोहोचते ती आपण जाळलेल्या ऊर्जेच्या जेमतेम 20 ते 25 टक्के. पॅडलवर 200 वॅट पडत असतील तर शरीरात 600 वॅट किंवा त्याहून जास्त उष्णता तयार होत असते. तासाभरात ती 2,100 किलोजूलच्या पुढे जाते. एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोजूल लागतात. म्हणजे ही सगळी उष्णता घामावाटे घालवायची तर पाऊण लिटरहून अधिक घाम अंगावरून उडून जायला हवा. हे ‘उडून’ महत्त्वाचं. जमिनीवर टपकलेला थेंब काहीच थंड करत नाही. रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाला सेकंदाला 8 मीटरहून जास्त वारा आपसूक मिळतो. खोलीत हवा जागच्या जागी असते, अंगाभोवती दमट थर साचतो, घाम नुसता ओघळतो. मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, जोर तेवढाच असूनही हृदयाचे ठोके वाढत जातात, आणि अर्ध्या तासात माणूस गळून जातो. वर म्हणतो, ट्रेनर हलक्या दर्जाचा निघाला.

माझाही पहिला महिना असाच गेला. पाय चांगले असूनही वीस मिनिटांत उतरायची आणि दोष फ्लायव्हीलला द्यायची. मोठा पंखा छातीच्या उंचीवर समोर ठेवला, खिडकी उघडली, आणि त्याच ट्रेनरवर तास पार पडू लागला. म्हणून ट्रेनरच्या आधी पंखा निवडा, आणि तो घाम यायच्या आधीच सुरू करा.

टायर झिजतो हे खरं आहे. पण तो बहुतेकदा झिजतो घसरण्यामुळे. हवा कमी असते किंवा रोलर सैल असतो, जोर लावला की टायर रोलरवर घासतो आणि काळी भुकटी पडते. हवा नीट भरा, रोलर पुस्तिकेत सांगितलाय तेवढा आवळा, मग झीज फार मंद होते. चालवून झालं की रोलर टायरपासून सोडवून ठेवा, नाहीतर रबरावर खड्डा पडतो. नियमित चालवणार असाल तर ट्रेनरसाठी वेगळा कडक रबराचा टायर मिळतो. तो रस्त्यावर मात्र वापरू नका, त्याची पकड रस्त्याजोगी नसते. गुठळ्यांचा जाड माउंटन टायर व्हील-ऑनवर लावूच नये, तो थरथरतो आणि प्रचंड आवाज करतो.

फ्रेमबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. व्हील-ऑन ट्रेनर सायकलला मागच्या ॲक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) दोन टोकांना धरतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून फ्रेम त्याच जागी बसवतात. दोन्हीकडे सायकल मागून जखडलेली, दोन्हीकडे उभं राहून झोके घेतले की फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाला पीळ पडतो. एक फ्रेम मोडतो आणि दुसरा सांभाळतो हे कशाच्या आधारावर? कार्बन फ्रेम असेल तर तिच्या उत्पादकाची हमी ट्रेनरवर लागू होते का, हे दोन्ही बाबतींत वाचायलाच हवं. आणि व्हील-ऑनसोबत येणारा पोलादी स्क्युअर, म्हणजे चाक आवळून धरणारा दांडा, नक्की वापरा, हलका शोभेचा स्क्युअर त्या पकडीसाठी नसतो.

सायकलचा खरा शत्रू घाम आहे. खारट पाणी हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टवर, हँडल वळतं त्या हेडसेटच्या वरच्या बेअरिंगवर आणि हँडलच्या टेपखाली झिरपतं, आणि टेपखाली ॲल्युमिनियम कुजत असल्याचं बाहेरून कळतही नाही. हँडलपासून सीटपर्यंत टॉवेल टाका, उतरल्यावर सायकल पुसा, वर्षातून एकदा टेप सोडून आत बघा. ट्रेनर कोणताही असो, हे करावंच लागतं.

आवाजात डायरेक्ट ड्राइव्ह सरस आहे, यात वाद नाही. टायरची घरघर तिथे नसते. पण चेनचा आवाज राहतो, पंख्याचा राहतो, आणि खालच्या मजल्यावर पोहोचतो तो जमिनीतून जाणारा कंप. त्यावर उपाय जाड रबरी मॅट. ती दोन्ही ट्रेनरना लागते.

रोलरबद्दल लोक फार अन्याय करतात. तीन नळकांडी, पुढचं नळकांडं पट्ट्याने मागच्याशी जोडलेलं, सायकल कशालाच बांधलेली नाही. पहिले काही दिवस तोल जातो, म्हणून दाराच्या चौकटीत किंवा भिंतीला लागून शिकावं, हात टेकायला जागा राहते. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये, लांब ठेवावी. एकदा जमलं की पॅडलचा गोलपणा रोलर जितका सुधारतात तितका दुसरं काही सुधारत नाही. हिसका दिला की सायकल लगेच डुलते आणि तुम्हाला तुमची चूक कळते. ट्रॅकवरचे सायकलपटू शर्यतीआधी अंग गरम करायला आजही रोलर वापरतात. ॲक्सल कुठल्याही मापाचा असो, फ्रेम कशाचीही असो, रोलरला फरक पडत नाही. त्यांची मर्यादा रोधाची आहे. साध्या रोलरवर जोरदार इंटरव्हल (थोडा वेळ जोर, थोडा वेळ विसावा) होत नाहीत, आणि थकलेल्या अवस्थेत तोल सांभाळणं कठीण जातं. शांत, लांब फेरीसाठी मात्र ते उत्तम.

सल्ला कुठे बरोबर आहे? आठवड्यातून चार-पाच दिवस ठरवलेल्या वॅटवर सराव करायचा असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावा. तो रोध आपोआप धरून ठेवतो, टायरच्या हवेची कटकट राहत नाही. घरच्या ट्रेनरवरून खेळायच्या, पडद्यावरच्या शर्यतींत उतरायचं असेल तरी तोच. जागतिक सायकलिंग संघटनेने 2020 मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा घेतली आणि पुरुषांमध्ये ती जिंकली जेसन ऑस्बोर्न या जर्मन नौकानयनपटूने. तिथे निकाल पायांच्या वॅटवर लागतो, म्हणून मोजणारं यंत्रही काटेकोर लागतं. पण हा गरजेचा वेगळा प्रकार झाला. पावसाचे चार दिवस पाय चालू ठेवण्याशी त्याचा संबंध नाही.

आता ट्रेनरवरचा एक तास म्हणजे रस्त्यावरचे दोन, या दाव्याबद्दल थोडक्यात. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय सतत फिरतात, त्यामुळे तास भरगच्च होतो. तरीही दमसास वेळाने वाढतो आणि तो वेळ निम्मा करता येत नाही. ऑस्ट्रेलियाचे व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन यांचा हात फेब्रुवारी 2016 मध्ये मोडला. त्यांनी घरात ट्रेनरवर सराव केला आणि 10 एप्रिलला टॉम बूनन यांना मागे टाकून पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली नामांकित शर्यत जिंकली. पण ती त्यांची पंधरावी पॅरिस-रूबे होती. ट्रेनरने कमावलेलं टिकवलं, आणि ते आधी वर्षानुवर्षं रस्त्यावर कमावलेलं होतं.

घेण्याआधी मागचं चाक काढून ॲक्सल बघा. क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारा बारीक दांडा) असेल तर रुंदी 130 की 135 मिलिमीटर, थ्रू-ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस) असेल तर 142 की 148. व्हील-ऑनला थ्रू-ॲक्सलसाठी वेगळा ॲक्सल घ्यावा लागतो. बहुतेक डायरेक्ट ड्राइव्हना तुमच्या गिअरच्या संख्येची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि ती ज्यावर बसते तो जुळणारा फ्रीहब लागतो, आणि तो दर वेळी सोबत येतोच असं नाही.

मनगट बरं झाल्यावर मैत्रिणीने हेच केलं. तिच्या सायकलला 142 चा थ्रू-ॲक्सल निघाला. तिने जुळणारा ॲक्सल, एक वापरलेला फ्लुइड ट्रेनर आणि मोठा पंखा घेतला. तिच्या ट्रेनरवर वॅट दिसत नाहीत. भिंतीला लावलेल्या कागदावर ती तारीख, मिनिटं आणि चाकाचा वेग लिहिते, आणि बाहेर वादळ असलं तरी त्या कागदावर एक ओळ वाढलेली असते.