‘घुबड जागचे हलत नाही, म्हणजे त्याला त्रास नाही’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

थंडी पडू लागली, की कोल्हापुरात पक्षी टिपायला निघणाऱ्यांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. या वर्षी तो मला तिघांनी पाठवला, आणि त्यांतले दोघे नुकताच कॅमेरा हाती घेतलेले विद्यार्थी होते. मजकूर थोडक्यात असा : घुबड दिवसा आंधळे असते, त्यामुळे अगदी जवळ गेले तरी चालते, ते जागचे हलत नसेल, तर त्याला त्रास होत नाही असे समजावे, बाहेर येत नसेल, तर बुंध्यावर थापटावे किंवा मोबाईलवर त्याचा आवाज लावावा, रात्री एक मित्र सोबत न्यावा, त्याने टॉर्च धरावा आणि आपण फ्लॅश मारावा, झेपेचा फोटो हवा असेल, तर उंदीर सोडावा, चांगली जागा सापडली, की तिचा नकाशा सर्वांना पाठवावा. शेवटी ‘फोटो काढल्याने कोणताही कायदा मोडत नाही’ असा दिलासाही दिलेला आहे. यातली एक सूचना मी आणि माझ्या मित्राने पूर्वी स्वतः पाळली होती आणि तिचा परिणाम डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

दिवसाच्या आंधळेपणाची समजूत जुनी आहे. आपल्या भाषेत घुबडाला दिवाभीत म्हणतात, आणि या नावामुळेही ती बळावली असावी. पण दिवाभीत म्हणजे दिवसाला भिणारा. दिवसा न दिसणारा असा त्याचा अर्थ होत नाही. घुबडाचा डोळा गोल नसतो. तो नळीसारखा लांबट असून हाडाच्या कड्यात घट्ट बसलेला असतो आणि खोबणीत फिरत नाही, म्हणून ते संपूर्ण मान फिरवते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या मानेत १४. त्यामुळे त्याची मान सुमारे २७० अंशांपर्यंत फिरू शकते. उजेड वाढला, की त्याची बाहुली आपल्यासारखीच आकसते आणि त्याला दिवसाही उत्तम दिसते. हिवाळ्यातल्या सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला पिंगळा, म्हणजे आपल्याकडचे लहान घुबड, ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. आपण गाडी स्टँडवर लावतो, तेव्हापासून तो आपल्याकडे पाहत असतो.

मग हा पक्षी दिवसाला का भितो? मुख्यतः इतर पक्ष्यांमुळे. दिवसाउजेडी उघड्यावर दिसलेल्या घुबडाभोवती कावळे, कोतवाल, बुलबुल, साळुंक्या असे सगळे जमतात आणि कलकलाट करून त्याला हुसकावून लावतात. मजकुरातले दुसरे विधान, म्हणजे न हलण्याचा अर्थ, याच गोष्टीशी जोडलेला आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तेच करते.

लपून राहणे हाच घुबडाचा दिवसाचा बचाव आहे. धोका जवळ आला, की बहुतेक पक्षी उडतात. घुबड आधी स्थिर होते, कारण उडाले तर कावळ्यांना दिसेल. शिंगळा घुबड माणूस जवळ आल्याचे पाहून पिसे अंगाशी चापून घेते, ताठ आणि बारीक होते, कानांसारखे दिसणारे तुरे उभे करते आणि डोळे मिटून फट तेवढी ठेवते. अशा अवस्थेतले शिंगळ्याचे फोटो ‘निवांत झोपलेले घुबड’ म्हणून कौतुकाने पाहिले जातात, तेव्हा मला वाईट वाटते. तो पक्षी त्या क्षणी पूर्ण जागा आणि घाबरलेला असतो. खरोखर झोपलेले घुबड पिसे सैल सोडून गोल झालेले असते. पिंगळा एकटक पाहत मान झपझप खालीवर करतो आणि गव्हाणी घुबड डोके खाली घालून अंग डोलवत फिस्कारते. हे चाळे पाहून हसू येते, पण ‘आणखी जवळ येऊ नका’ हेच ते सांगत असते. शृंगी घुबडाचे तर आणखी अवघड आहे. ते दगडाच्या खणीत, कड्याच्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालते. माणूस जवळ येईपर्यंत मादी अंड्यांवर दबून बसून राहते आणि अगदीच जवळ आला, की उठून जाते. फेब्रुवारी-मार्चमधल्या दुपारी आपल्या खणींमधला दगड किती तापतो, हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. त्या दगडावर अंडी किंवा पिल्ले सावलीविना राहिली, तर काय होईल याचा विचार ‘ती शेवटपर्यंत हलली नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याने करावा.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी शहराबाहेर, उसाच्या फडाला लागून असलेल्या एका जुन्या वडाच्या ढोलीत गव्हाणी घुबड राहत होते. खाली पडलेल्या गोळ्यांवरून आम्ही ते शोधले होते. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेले केस व हाडे यांचा गोळा करून बाहेर टाकते. त्यातली एक गोळी आम्ही काडीने फोडली, तेव्हा राखाडी केसांत गुंडाळलेली उंदराची इवलीशी कवटी निघाली होती, तिचे पिवळे दात शाबूत होते. वेळ दुपारी बाराची. पक्षी बाहेर येईना, म्हणून मित्राने बुंध्यावर दोनदा थापटले आणि मी कॅमेरा रोखून उभा राहिलो. घुबड बाहेर पडले. मिनिटभरात कावळे जमले, आधी चार, मग मोजता येणार नाहीत इतके. फडावरून घुबड इकडून तिकडे उडत राहिले, एका कावळ्याने त्याच्या पाठीवर झडप घातली आणि ते उसात पडले. आम्ही अंधार पडेपर्यंत बांधावर बसून राहिलो. ते ढोलीकडे परतले नाही. पुढच्या पंधरवड्यात त्या ढोलीत साळुंक्या काड्या नेत होत्या. माझ्याकडे त्या दुपारचा एकच फोटो आहे, अस्पष्ट, सोनेरी-राखाडी पाठीचा, आणि तो मी कोणालाही दाखवलेला नाही.

त्या दिवसापासून आमच्यातली कामाची वाटणी बदलली, आणि मजकुरातल्या ‘मित्राने टॉर्च धरावा’ या सूचनेला माझे उत्तर हेच आहे. मित्र हवाच, रात्रीच्या वेळी बांधावरून एकट्याने फिरू नये, उसात साप असतात, शेतमालकाला आधी विचारावे लागते, आणि दोन माणसे असली की या गोष्टी नीट होतात. परंतु दुसऱ्या माणसाचे खरे काम पक्ष्याकडे पाहणे हे आहे. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला चौकटीपलीकडचे काही दिसत नाही, आणि फोटोच्या ओढीने त्याचे पाऊल नकळत पुढे पडते. माझा मित्र दुर्बीण घेऊन बाजूला बसतो. पक्ष्याने पिसे चापली, मान हलवायला सुरुवात केली, किंवा मघापासून करत असलेले काम सोडून तो आमच्याकडे पाहू लागला, की मित्र हळूच म्हणतो, “बास कर मर्दा, बघाय लागलंय आपल्याकडं.” त्यानंतर एकही फोटो घ्यायचा नाही, हे आमचे ठरलेले आहे. हे मला नेहमीच गोड लागते असे नाही, पण मी ते पाळतो.

मोबाईलवर आवाज लावण्याबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे : घुबडांच्या सर्वेक्षणात अभ्यासक ध्वनिमुद्रित आवाज वापरतात. पण त्यांचा आवाज ठरावीक वेळच वाजतो, उत्तर मिळाले की थांबतो, आणि त्यातून नोंद मिळते. फोटोसाठी तोच आवाज पक्षी हव्या त्या फांदीवर येईपर्यंत, पुन्हा पुन्हा, रोज नव्या माणसाकडून वाजवला जातो. घुबडे आपापला इलाखा राखून राहतात. आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज ऐकला, की पिंगळ्याचा नर शिकार टाकून प्रतिस्पर्ध्याला शोधत बाहेर येतो, आणि तो प्रतिस्पर्धी मुळात नसल्यामुळे हा शोध संपत नाही. हिवाळ्याच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचा विणीचा काळ असतो; मादी ढोलीत अंडी उबवत असते आणि तिचे खाणे नराने आणायचे असते. शिवाय आपल्या आवाजाने उघड्यावर आलेले लहान घुबड मोठ्या घुबडाच्या नजरेस पडू शकते. शृंगी घुबड लहान घुबडांची शिकार करते.

फ्लॅशविषयी पक्षीप्रेमींकडूनही एक टोकाचे विधान केले जाते, की एका फ्लॅशने घुबडाची दृष्टी कायमची जाते. ते सिद्ध झालेले नाही, आणि योग्य गोष्टीसाठी चुकीचे कारण दिले, तर ऐकणारा ती गोष्टच नाकारतो. म्हणून मी तो मुद्दा मांडणार नाही. तात्पुरता परिणाम पुरेसा गंभीर आहे. अंधारात पाहण्याचे काम डोळ्यांतल्या दंडपेशी करतात आणि घुबडाच्या डोळ्यांत त्या फार मोठ्या प्रमाणात असतात. तीव्र प्रकाश पडला, की या पेशींना पुन्हा अंधाराला सरावावे लागते. माणसाच्या डोळ्याला त्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात. आपल्याकडे नेमक्या याच महिन्यांत गळीत हंगाम जोरात असतो आणि रात्रभर उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यांवरून जात असतात. रस्त्याकडेच्या खांबावर बसलेल्या गव्हाणी घुबडाच्या तोंडावर टॉर्च आणि फ्लॅश मारून त्याला उडायला लावणाऱ्याने समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हिशेब आधी करावा.

उंदीर सोडण्याची कल्पना मला सर्वांत घातक वाटते. घरच्या सापळ्यात सापडलेला उंदीर कोठेतरी औषध खाऊन आलेला असू शकतो. ब्रोमाडायलोनसारखी औषधे उंदराला लगेच मारत नाहीत. रक्त गोठणे थांबून तो काही दिवसांनी मरतो, आणि तोपर्यंत जिवंत, पण मंदावलेला असतो. असा उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि त्याच्यासोबत विषही पोटात जाते. दोरीला बांधलेल्या उंदराबद्दल बोलायलाच नको. सबंध गिळणाऱ्या पक्ष्याच्या घशात दोरीही जाईल.

इथेच कायद्याचा मुद्दा येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मजकूर लिहिणाऱ्याने वाचलेली दिसत नाही. मारणे आणि पकडणे यांच्याबरोबरच संरक्षित वन्य प्राण्याला हुसकावणे, आमिष दाखवणे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटे यांना बाधा आणणे हेही त्या व्याख्येत आहे, आणि कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या सूचींची फेरमांडणी झाली, तरी घुबडांचे संरक्षण कायम आहे. राधानगरी अभयारण्यात तर छायाचित्रणासाठी आत जाण्याकरिताही परवाना हा कायद्याचाच भाग आहे. शेताच्या बांधावर बसून, लांबून, शांतपणे फोटो काढणे गुन्हा नाही. मजकुरात सांगितलेली पद्धत मात्र त्या व्याख्येत सहज बसू शकते.

वरच्या वडाचे ठिकाण मी सांगितले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. काळ्या जादूच्या नावाखाली घुबडांची तस्करी होते आणि दिवाळीच्या आसपास ती वाढते, हे वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० सालच्या अहवालात नोंदलेले आहे. तुरेवाल्या घुबडांना त्यात विशेष मागणी असते. नकाशा एकदा पाठवला, की तो कोणाच्या हातात पोहोचेल हे आपल्या हातात राहत नाही. फोटोच्या फाईलमध्येही मोबाईल जागेची नोंद ठेवतो, ती पाठवण्याआधी काढून टाकावी. सकाळी नकाशा पाठवला आणि संध्याकाळी झाडाखाली वीस माणसे उभी, हेही मी पाहिले आहे.

‘मग फोटो मिळणार कसा?’ असे त्या दोन विद्यार्थ्यांनी विचारले होते. गेल्या जानेवारीतली एक संध्याकाळ त्यांना सांगितली, तीच इथे देतो. झाड पिंगळ्याचे, चिंचेचे. बुंध्यावरचे पांढरे ओघळ पाहून ढोली कोणती ते आम्ही आधीच्या आठवड्यात ओळखले होते. सूर्यास्तापूर्वी पाऊण तास आधी जाऊन, झाडापासून तीस पावलांवर, मावळतीकडे पाठ करून बसलो, म्हणजे उरलेला उजेड पक्ष्याच्या तोंडावर पडावा. कॅमेरा तिकाटण्यावर, शटरचा आवाज बंद, लेन्स ४०० मिलिमीटरची. सूर्य बुडाल्यावर दहा-बारा मिनिटांनी ढोलीच्या तोंडाशी आधी पांढऱ्या भुवया दिसल्या, मग पिवळे डोळे. पिंगळा बाहेर येऊन फांदीवर बसला, एक पाय लांबवून त्याच बाजूचा पंख ताणला, अंग झाडून पिसे फुलवली. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ३२००; शटर १/६० सेकंद. बसलेल्या पक्ष्याला एवढा वेग पुरतो. मी अकरा फोटो घेतले. बाराव्याच्या आधी मित्राने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पिंगळा आमच्याकडे पाहत नव्हता, तो खाली गवतात काहीतरी पाहत होता, आणि त्याने तेथेच झेप घेतली. परत फांदीवर आला, तेव्हा चोचीत किडा होता. ढोलीतून दुसरा पिंगळा बाहेर आला, तो किडा घेऊन पुन्हा आत गेला. आम्ही वहीत वेळ टिपली, ६ वाजून ३८ मिनिटे, आणि टॉर्च न लावता बांधावरून परतलो.