नवीन गाडीचे टायर ‘बघावे लागत नाहीत’ असं सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: पहिले चाळीस हजार किलोमीटर टायरकडे बघायची गरज नाही. हवा कमी झाली तर डॅशबोर्डवर दिवा लागतोच. चाकं कारखान्यातूनच घट्ट बसवून येतात, त्यांची काळजी नको. हवा किती भरायची ते टायरवरच लिहिलेलं असतं, उन्हाळ्यात मात्र थोडी कमी ठेवावी. टायर ट्यूबलेस असल्यामुळे खिळा घुसला तरी बिघडत नाही. आणि दोनच टायर बदलायचे झाले तर नवे पुढे टाकावेत.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर माणसं जखमी होतील, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘दिवा लागतोच.’ लागतो, पण कधी? टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी टीपीएमएस ही यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली ती एका मोठ्या दुर्घटनामालिकेनंतर. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २७० हून अधिक मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला. फोर्डने टायरला दोष दिला, तर फायरस्टोनने गाडीला आणि फोर्डने सुचवलेल्या २६ पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) या कमी हवेला. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा आली.

त्या नियमाची अट मात्र फार थोड्यांना माहीत असते. हवा ठरलेल्या प्रमाणापेक्षा २५ टक्क्यांनी खाली गेली की इशारा मिळाला पाहिजे, एवढीच ती आहे. म्हणजे ३३ पीएसआय हवी असलेल्या टायरमध्ये २७ उरली तरी दिवा विझलेलाच राहू शकतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, पुन्हा ताठ होतो. तार सतत वाकवत राहिलं की ती तापून तुटते, तसंच टायरच्या आतल्या दोऱ्यांचं आणि थरांचं होतं. भरलेली गाडी, उन्हातला रस्ता आणि मोठा वेग एकत्र आले की ही उष्णता टायर फोडते.

त्यातही यंत्रणा दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांत चाकाच्या आत खरा सेन्सर असतो. काहींत एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजले जातात, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फिरतं. मग चारही टायरची हवा महिनोन् महिने सारखीच उतरत गेली तर? चाकांच्या फेऱ्यांत फरकच पडत नाही, आणि केवळ तुलनेवर चालणाऱ्या यंत्रणेला काही कळत नाही. शिवाय हिला हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. हवा कमी असतानाच कुणी ते बटण दाबलं, तर गाडी त्या कमी हवेलाच योग्य समजून बसते. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बघून घ्या. तो दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ यंत्रणाच बिघडली आहे असा असतो.

आणि टायरच्या बाजूला आलेला फुगवटा, चीर, घासलेली आतली कड यांतलं काहीही दिव्याला दिसत नाही.

‘चाकं कारखान्यातूनच घट्ट येतात.’ जून २०२२ मध्ये टोयोटाने आपली बीझेडफोरएक्स ही विजेवरची गाडी परत मागवली. जगभरात मिळून साधारण २,७०० गाड्या होत्या, नुकत्याच बाजारात आलेल्या. चाकाचे बोल्ट थोड्याशा वापरानंतरच सैल होऊ शकत होते आणि चाक निखळण्याचा धोका होता. दुरुस्ती सापडेपर्यंत गाडी चालवूच नका, असं कंपनीने मालकांना सांगितलं. सुबारूनेही सोलटेरा ही तिची जोडगाडी परत मागवली. उपाय जाहीर व्हायला ऑक्टोबर उजाडला. इतक्या अनुभवी कंपनीच्या कोऱ्या गाडीत हे होऊ शकतं, तर ‘कारखान्यातून आलंय’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. आपल्या गाडीचा चॅसी नंबर घेऊन ती परत बोलावलेल्यांपैकी आहे का, हे कंपनीकडून अधूनमधून विचारून घ्यावं.

मात्र याचा अर्थ पान्हा घेऊन रोज बोल्ट आवळत बसणं असाही नाही. गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो, आणि हवेच्या गनने वाटेल तसे आवळले तर ब्रेकची डिस्कही वाकडी होऊ शकते. किती टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, हवा तो आकडा पुस्तिकेत असतो. पंक्चरसाठी असो वा बॅलन्सिंगसाठी, चाक काढून बसवलं की ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (हा जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) एकदा तपासून घ्या, विशेषतः अलॉय व्हील असतील तर. चाकाकडून कटकट आवाज येऊ लागला किंवा नव्याने थरथर जाणवली, तर ‘घरी पोचून बघू’ म्हणू नका, सुरक्षित जागा बघून तिथेच थांबा.

‘हवा किती ते टायरवर लिहिलेलं असतं.’ टायरवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांवर बसतो, त्याला तुमच्या गाडीचं वजन काय माहीत! तुमच्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. पुढचा-मागचा वेगळा असू शकतो, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळा.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला तर सरळ उलटा आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. चालवल्यावर हवा तापून दाब चार-पाच पीएसआयने वाढू शकतो, हे गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेने टायर आणखी तापतो. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

‘ट्यूबलेसला खिळ्याने काही होत नाही.’ यात अर्धं खरं आहे. खिळा घुसल्यावर हवा एकदम जात नाही, हा ट्यूबलेसचा मोठाच फायदा. पण हळूहळू जाते, आणि त्या अवस्थेत गाडी दामटली की टायरची बाजू आतून चुरडली जाते. बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पंक्चर काढताना टायर रिमवरून उतरवून आतून बघायला हवा. दुरुस्ती फक्त नक्षीच्या भागातल्या, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाचीच होते. बाजूच्या भोकाची कधीच नाही.

नव्या गाड्यांचा खरा प्रश्न वेगळाच आहे. अठरा-एकोणीस इंची रिम आणि त्यावर बुटक्या बाजूचे टायर दिसायला छान दिसतात. खड्ड्याच्या कडेवर आदळले की टायर रिम आणि कडेमध्ये चिमटला जातो, आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाजूला फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, त्यावर वेगाने जाणं म्हणजे फुटण्याची वाट बघणं. त्यातच आता अनेक गाड्यांत स्टेपनीऐवजी फेस भरायचा डबा आणि छोटा पंप मिळतो. बाजू फाटली तर त्या डब्याचा काही उपयोग नाही, हे गाडी घेतानाच लक्षात असू द्या.

‘चाळीस हजार किलोमीटर.’ हा आकडा सगळ्या टायरना सरसकट लागू होत नाही. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत बसवण्याची जुळणी, बिघडली असेल तर आतली कड फार लवकर झिजते. विजेवरच्या गाड्या जड असतात आणि जोर एकदम लावतात, त्यांचे टायर आधीच संपतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघा. नक्षीच्या खाचांत असलेल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, झीज पोचली की टायर संपला.

‘नवे दोन पुढे.’ नवे दोन मागेच हवेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जात राहते, वेग कमी केला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर शेपूट फिरते, आणि सामान्य चालकाच्या हातात काही उरत नाही. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांत तर दोन नवे, दोन झिजलेले हा मेळच बऱ्याचदा चालत नाही. नक्षीच्या खोलीत किती फरक चालेल ते त्यांच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि फरक त्याहून जास्त असेल तर चारही टायर एकदम बदलावे लागतात.