करवंदाचं कुंपण गेलं

सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर भिंतीलगतचं करवंदाचं कुंपण मुळासकट उपटून टाकलेलं. ढिगातल्या फांद्यांतून चीक गळतोय, काळी करवंदं तशीच लटकलेली. ऐन श्रावणात! माळीदादा म्हणे, "काट्याचं झाड काहून ठेवता ताई? कमिटीनं ड्युरांटा लावाले सांगितला."

हे कुंपण आईचं. फ्लॅट स्कीम व्हायच्या आधी इथे आमचं कौलारू घर होतं. मामाच्या वावराच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, करवंदं तिने पदरात बांधून एसटीनं आणली. आम्ही खात होतो आणि ती समोर वाटी धरून बसली होती, "बी गिळू नका रे पोट्टेहो!" त्याच संध्याकाळी तिने बिया धुऊन मातीत टाकल्या. बी वाळली की उगवत नाही, हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. तिसऱ्या वर्षी जाईच्या वासाची पांढरी फुलं आली.

आणि ड्युरांटा? अमेरिकेतलं झाड. त्याची मण्यांसारखी पिवळी फळं विषारी असतात. म्हणजे लेकरांना काटे टोचतात म्हणून खायचं झाड काढायचं आणि विषाचं लावायचं! हीच मंडळी वाढदिवसाला केकवरची लाल चेरी मिटक्या मारत खातात. बाप्पा, ती चेरी म्हणजे बहुतेकदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. (कमिटीतले दोघं-तिघं इथे माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेत. वाचा.)

हो, काटे आहेत. पोट्ट्यांचे बॉल फुटतात, माझी ओढणी दोनदा फाटली. मान्य. मग छाटा ना!

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ४५ डिग्रीला तुमच्या लॉनचा पापड होतो. आईने करवंदाला पहिले दोन उन्हाळे तांब्या-तांब्या पाणी घातलं, पुढे थेंब नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं तर मात्र ते झाड रुसतं, म्हणून खड्ड्यात मुरूम टाकला होता तिने. टोपल्या आम्हीच वाहिल्या. प्लॉट बिल्डरला देताना तिची एकच अट होती, कुंपण राहील. कागदावर घ्यायला हवी होती.

दुपारी गंज (पातेलं) घेऊन ढिगापाशी बसले. थोड्या वेळाने माळीदादाही मुकाट्याने वेचू लागला. म्हणाला, "आमची माय लोणचं घाले याचं." हिरवी त्याला दिली, काळी मी घेतली. बोटात तीन काटे, हात अजून चिकट आहेत, टाइप करताना समजतंय.

बिया धुऊन चाळणीत ठेवल्यात. रात्रीच दुधाच्या पिशव्यांत लावणार. कोणाला हव्या असतील तर आजच या, वाटी आणा.