नरकात जाऊन आंघोळ

नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं, या धाकात आमचं बालपण गेलं. जपानमधल्या बेप्पूत लोक तिकीट काढून आधी नरक बघतात आणि मग आंघोळीला जातात.

क्यूशू बेटावर, समुद्राकाठी वसलेलं हे शहर. गरम पाण्याचे झरे दोन हजारांच्या वर, त्यामुळे जिकडे बघावं तिकडे जमिनीतून वाफा. माझा भाचा तिथल्या डोंगरावरच्या विद्यापीठात शिकतो आणि मामाला गाव दाखवायचं त्याने फारच मनावर घेतलं होतं. स्टेशनबाहेरच अबुराया कुमाहाचींचा पुतळा आहे. बेप्पूला पर्यटनाच्या नकाशावर आणणारे गृहस्थ. १९२८ साली त्यांनी नरकदर्शनाच्या बस सुरू केल्या, त्याही महिला गाइड नेमून. पुतळ्याचे दोन्ही हात वर आहेत. हे स्वागत की शरणागती, ते मला संध्याकाळी कळलं.

नरक म्हणजे जमिनीतून उकळत येणाऱ्या पाण्याची कुंडं, जपानीत 'जिगोकू'. ती एकूण सात. उमी जिगोकूचं पाणी निळंशार, देखणं आणि ९८ अंशांचं. चिनोइकेचं लालभडक, ती लोहाची करामत. ओनियामात त्याच उष्णतेवर १९२३ पासून मगरी पाळल्या आहेत. त्या इतक्या निवांत पडलेल्या की पापी आपणच वाटावं. तात्सुमाकीचा फवारा तीस-चाळीस मिनिटांनी उडतो आणि तोवर माणसं बाकांवर ताटकळतात. नळाला पाणी यायची वाट बघण्यात हयात गेलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक! नरकाच्या वाफेवर उकडलेली अंडी मात्र झकास. मी दोन खाल्ली.

मग ताकेगावाराचं स्नानगृह. १८७९ सालचं, आताची लाकडी इमारत १९३८ची, छप्पर एखाद्या देवळाला शोभेलसं. दारातच भाचा हळूच म्हणाला, "मामा, आत कपडे चालत नाहीत."

"पंचा?"

"नाही."

"अरे, निदान चड्डी?"

त्याने फक्त मान हलवली. ज्याला मी बादलीत बसवून न्हाऊ घातलं, तो आता मला आंघोळीचे नियम सांगत होता. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. हातात एक नॅपकिन असतो, अब्रूचा एका वेळी एकच भाग झाकेल एवढा. तोही पाण्याला लागता कामा नये, म्हणून उतरताना घडी करून डोक्यावर ठेवायचा. एवढ्या देहात झाकण्याजोगं फक्त माझं टक्कल आहे, असं जपान्यांचं मत असावं.

पाणी असं कढत की पायाचा अंगठा बुडताच पूर्वजांची नावं आठवली. समोर एक आजोबा गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणीच पाहिलं नाही. इतका वेळ पोट आत ओढून धरलं होतं, ते सोडून दिलं.

वाळूच्या आंघोळीला मात्र युकाता, म्हणजे सुती सैल झगा, देतात, म्हणून मी आनंदाने तयार झालो. आडवं व्हायचं, मग बायका फावड्याने गरम काळी वाळू मानेपर्यंत लोटतात. हात-पाय पार गाडले गेले आणि त्याच क्षणी नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. नाक वेडंवाकडं करून पाहिलं, फुंकर मारून पाहिली. शेवटी येत होता तो एकमेव जपानी शब्द उच्चारला, "सुमिमासेन!" म्हणजे 'माफ करा, जरा ऐकता का!' बाई लगबगीने आल्या, हसल्या आणि पोटावर आणखी दोन फावडी वाळू टाकून गेल्या.

शेजारच्या ढिगातून भाच्याचा आवाज आला, "मामा, उद्या चिखलाच्या आंघोळीला जाऊ. उघड्यावर असते, मस्त."

"पुरुषांची वेगळी ना?"

"नाही, तिथे सगळे एकत्रच."

बाहेर आल्यावर मी आधी ताईला फोन लावला.