लाइम रेजिसमध्ये दगड उचलाच

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेली आपली मंडळी दक्षिण किनारा बघायला निघाली की बेत ठरलेला असतो: डर्डल डोअरच्या कमानीपुढे फोटो, लुलवर्थला आइस्क्रीम, रात्री परत लंडन. त्याच किनाऱ्यावर आणखी पश्चिमेला, डॉर्सेट आणि डेव्हनच्या शिवेवर, लाइम रेजिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे कुणी गेलंच तर कॉबवर, म्हणजे जुन्या धक्क्यावर, एक फेरी मारून तासाभरात निघतं. माझं म्हणाल तर लाइमच्या किनाऱ्यावरचा एकही दगड हातात न घेता परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसती चंद्रभागा बघून येणं.

यावर हमखास येणारी शंका: "जागतिक वारसास्थळ आहे ना ते? मग हात कसा लावायचा?" शंका रास्त आहे. हा ९५ मैलांचा ज्युरासिक किनारा २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण इथला कडा म्हणजे किल्ल्याचा तट नव्हे. निळसर चुनखडी आणि काळपट चिखलदगड यांचे एकाआड एक थर, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. पाऊस वरच्या वालुकामय थरातून झिरपतो, खालच्या चिकण थरापाशी अडतो, आणि त्या निसरड्या ओलीवरून वरचा सगळा भार समुद्राकडे सरकतो. खाली लाटा पायथा धुऊन नेतात, की पुन्हा नवा भाग सुटतो. कड्यातून पडलेला जीवाश्म उचलला नाही तर तो जपला जात नाही, त्याची वाळू होते. म्हणून पश्चिम डॉर्सेटची नियमावली सांगते: किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचला, कड्यात खणू नका, आणि शास्त्रीय महत्त्वाचं काही सापडलं तर शेजारच्या चारमथमधल्या केंद्रात नोंदवा. वारसा जपण्याची इतकी व्यवहारी पद्धत फार कमी ठिकाणी दिसते.

गावाचं नावही याच कड्यांनी केलं. मेरी अ‍ॅनिंग (१७९९ ते १८४७) ही इथल्या सुताराची मुलगी. बाप फावल्या वेळात जीवाश्म विकायचा, तो गेल्यावर घर त्यावरच चाललं. १८११ मध्ये भाऊ जोसेफला एका अजस्र प्राण्याची कवटी दिसली, पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला: इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी. तेव्हा तिचं वय बारा-तेरा. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला संपूर्ण सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब, की पॅरिसच्या कुव्हिए या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाला आधी लबाडी वाटली, मग चूक कबूल करावी लागली. पण लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्या प्राण्यावर निबंध वाचला गेला तेव्हा तिचं नाव कुणी घेतलं नाही. सोसायटीत बायकांना प्रवेशच नव्हता. तिचा कुत्रा १८३३ मध्ये दरड कोसळून तिच्या डोळ्यांदेखत गेला. ती थोडक्यात वाचली. ती जिथे जन्मली त्या जागेवर आज गावचं संग्रहालय आहे. किनाऱ्यावर उतरण्याआधी अर्धा तास तिथे घालवा, काय शोधायचं ते डोळ्यांत बसतं. तिचा पुतळा मात्र उभा राहायला २०२२ साल उजाडलं.

आता कामाचं. सगळं गणित ओहोटीवर आहे. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरच्यांना सांगतो: पाणी उतरू लागल्यावर निघायचं आणि ते पुन्हा वळायच्या सुमारास परतीला लागायचं. ओहोटी दुपारी एकला असेल तर साडेदहा-अकराला निघा, दीडपर्यंत मागे फिरा. लाइम ते चारमथ किनारा जेमतेम तीन किलोमीटर, पण भरतीला पाणी थेट कड्याला भिडतं आणि मधे वर चढायला जागा नाही. छापील तक्त्यांत एक मेख असते: बऱ्याचदा वेळा ग्रीनिच प्रमाणवेळेत देतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी जास्त मागे जातं, खडक जास्त उघडे पडतात. पण तेच पाणी तितक्याच जोराने परत येतं.

उत्तम हंगाम हिवाळा, वादळानंतरचे दोन-तीन दिवस. ऑगस्टमध्ये आधीच शेकडो डोळे फिरून गेलेले असतात. कड्याच्या पायथ्याशी जाऊ नका. दरड सूचना देऊन पडत नाही. लाइम आणि चारमथमधल्या ब्लॅक व्हेन कड्याखालचा चिखल वरून सुकलेला दिसतो आणि आत गुडघाभर ओढतो. नजर ठेवायची ती गोट्यांच्या मधल्या खळग्यांवर. इथले छोटे अमोनाइट (वेटोळ्या कवचाचे नामशेष समुद्री प्राणी) पुष्कळदा पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे असतात, सोनेरी आणि साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट जड, म्हणून लाटा त्यांना गंजक्या खिळ्यांसोबत एकाच जागी टाकतात. खिळे कुठून आले? २००८ च्या मोठ्या दरडीबरोबर गावाची जुनी कचराभूमीही खाली आली. काचा असतात, हातमोजे घाला. हातोडी लागतेच असं नाही. नेलीत तर भूशास्त्राची न्या आणि चष्मा लावा. सुताराच्या हातोडीची कपची डोळ्यात उडते.

अमोनाइट हातात घेतलात की ओळख पटेल. गंडकीतून येणारा, देवघरातला शाळिग्राम म्हणजे पुष्कळदा हाच प्राणी, तोही ज्युरासिक काळातला. आपल्या सह्याद्रीचा दगड लाव्ह्याचा, त्यात तो मिळायचा नाही.

पायराइटचा नग घरी आणणार असाल तर सावध. दमट हवेत तो आतून सडतो: पांढरी भुकटी, गंधकाचा वास, वर्षा-दोन वर्षांत चुरा. मुंबईचा पावसाळा त्याचा काळ आहे. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवून मीठ काढा, पूर्ण वाळवा, हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा, निवडलात तर ही कटकट नाही.

कॉबबद्दल थोडं. १२८४ च्या राजसनदेने गाव 'रेजिस', म्हणजे राजाचं, झालं, आणि त्याचा सगळा व्यापार या वळणदार धक्क्याच्या आडोशाला चालला. १३७७ च्या वादळात धक्का वाहून गेला, तेव्हा घरं आणि होड्याही गेल्या. १७५६ पर्यंत तो जमिनीला जोडलेलासुद्धा नव्हता. वरची वाट समुद्राकडे उतरती आहे, कठडा नाही. ओली असेल तर खालच्या वाटेने जा. पश्चिमेचा मनमथ बीच १६८५ च्या बंडाचा: राजाविरुद्ध उठलेला ड्यूक ऑफ मनमथ इथे उतरला, महिन्याभरात हरला, आणि त्याच्या बारा माणसांना याच वाळूवर फाशी दिलं. तिथून थोडं पुढे ओहोटीला मोठाल्या अमोनाइटांनी भरलेली खडकाची फरशी उघडी पडते. ती फक्त बघायची, तिथे हातोडी नाही.

आसपास फिरायला एकच दिवस असेल तर गोल्डन कॅप (१९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सर्वांत उंच टोक). दोन असतील तर अंडरक्लिफची वाट: सीटनपर्यंत सात मैल, दरडींवर माजलेलं रान, मधे बाहेर पडायला रस्ता नाही, बूट चिखलाचेच हवेत. इथे १८३९ च्या नाताळात शेतांचा एक प्रचंड तुकडा पिकासकट सुटून समुद्राकडे सरकला. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यावरचा गहू कापायला लोक वाजतगाजत गेले, आणि बघायला हजारोंनी गर्दी केली.

लाइमची रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली. लंडन वॉटर्लूहून अ‍ॅक्समिन्स्टरपर्यंत गाडी, पुढे बस. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा आणि तिकीट त्यानंतर काढा.