पावलांची वही

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्याला दीड वर्ष झालं. त्यांचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे. रोज किती पावलं चालल्या ते मी वहीत लिहायचे. एकदा बारावरून सातवर आल्या आणि माझा आवाज चढला. "आई, काल बारा झाली होती, आज काय झालं?" त्या पलंगावर टेकल्या. म्हणाल्या, "पाय माझे आहेत गं."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले ६२-६३ हे श्लोक मला पाठ आहेत. विषयाचं चिंतन, त्यातून संग म्हणजे आसक्ती, संगातून काम म्हणजे हव्यास, कामातून क्रोध. पायरी न् पायरी तशीच घडली होती. आणि माझा विषय सासूबाई नव्हत्याच, वहीतला आकडा होता.

मराठीत अहंकार म्हणजे गर्व असंच आपण धरून चालतो. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांचा अहंकार वेगळा. बुद्धी, अहंकार आणि मन मिळून त्यांचं अंतःकरण, म्हणजे जाणण्याचं आतलं साधन. त्यात प्रत्येक अनुभवाला 'मी', 'माझं' चिकटवतो तो अहंकार. गर्व मला कधीच नव्हता. पण त्यांना बरं करणारी मी, हा कर्तेपणा होता. म्हणून त्या अडखळल्या की मीच नापास व्हायचे, आणि राग त्यांच्यावर निघायचा.

पांडे आणि नायडू या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अनासक्ती आणि आरोग्य यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्ष फळाकडे की प्रयत्नाकडे, हा त्यातला मुद्दा. अनासक्ती जास्त असणाऱ्यांमध्ये ताणाचा त्रास कमी दिसला. मला ते पटतं, कारण वही बंद केल्यावर व्यायाम एकदाही चुकला नाही, माझी डोकेदुखी मात्र थांबली.

पण एक गोष्ट मनापासून खटकते. मी घरात मदत मागितली तेव्हा मला ऐकवलं गेलं, "सेवा करताना अपेक्षा ठेवू नये." नाही! अनासक्ती ही माझ्या मुठीपुरती आहे, दुसऱ्याने अंग काढून घ्यायची सोय नव्हे. 'कर्मण्येवाधिकारस्ते' सगळ्यांना येतं. त्याच श्लोकाचा शेवट, काही न करण्याचाही संग नको, हा कुणी ऐकवत नाही. ऐकवायला हवा, आणि तोही बायकांना नव्हे.

मी पुन्हा मागितलं. आता शनिवार-रविवार दीर येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी, आई रोज किती पावलं चालते?"

म्हटलं, "त्यांनाच विचारा, भावजी."